टाकीतला दगा

१९७८ सालची गोष्ट. अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या ब्राउन फील्ड विमानतळावरून बॉब हूव्हर दोन प्रवाशांना घेऊन निघाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून त्यांचंच लढाऊ विमान पळवून निसटलेले हे वैमानिक. हवाई कसरतींत त्यांचा हात धरणारं क्वचितच कोणी होतं. विमान जेमतेम वर चढलं आणि दोन्ही इंजिनांनी मान टाकली. समोर होती एक घळ. हूव्हर यांनी तिथंच विमान उतरवलं. विमान मोडलं, माणसं मात्र तिघंही वाचली.

कारण टाकीत सापडलं. त्यांचं श्राइक कमांडर पिस्टन इंजिनांचं. पण तसंच दिसणारं, जेट इंधनावर चालणाऱ्या टर्बोप्रॉप इंजिनांचं कमांडरही असे. इंधन भरणाऱ्या पोराची गफलत झाली आणि पेट्रोलच्या टाकीत जेट इंधन गेलं.

छोट्या विमानांच्या पेट्रोलला एव्हीगॅस म्हणतात. जेट इंधन हे रॉकेलच्या जातीचं. पिस्टन इंजिनात ते अवेळी भडकतं, इंजिन भलतंच तापतं आणि आतले भाग निकामी होतात. मेख अशी, की ही चूक जमिनीवर कळतच नाही. नळ्यांमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल शिल्लक असतं. त्यावर इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टी गाठतं, उडतंसुद्धा. दगा होतो तो वेग कमी, उंची कमी आणि परतायला जागा नाही अशा वेळी.

रंगावरून ओळखता येत नाही का? सर्रास वापरलं जाणारं १००एलएल एव्हीगॅस निळं असतं, तर जेट इंधन बिनरंगी किंवा फिकट पिवळसर. पण दोन्ही मिसळली तरी निळी झाक उरते आणि डोळा फसतो. म्हणून जाणते वैमानिक पांढऱ्या कागदावर थेंब टाकतात. पेट्रोल उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग मागे राहतो.

हूव्हर यांनी त्या पोराला बोल लावला नाही. उलट आपल्या विमानात इंधन त्यानंच भरावं, असं सांगितलं. पुढे जेट इंधनाच्या नळीला रुंद, चपटं तोंड बसवायची पद्धत आली; तिला ‘हूव्हर नोझल’ असंच नाव पडलं. अमेरिकी नियमांत पेट्रोलच्या टाकीचं भोक ६० मिलिमीटरहून मोठं नसावं असं ठरलं. रुंद नोझल त्यात शिरतच नाही.

नोझलनं एक वाट बंद केली. पाण्याच्या वाटा उघड्याच राहिल्या. झाकणाचं रबर झिजलं की पाऊस आत झिरपतो. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या बाष्पाचं पाणी होतं. पाणी पेट्रोलहून जड, ते तळाशी बसतं. म्हणून उड्डाणाआधी तळाच्या नळातून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून बघतात. पाणी असेल तर दोन थर दिसतात. पण पेलाभर नुसतं पाणीच आलं, तर थरांमधली रेघ दिसणार कुठून? घाईतल्या माणसाला ते स्वच्छ इंधन वाटतं. काही जुन्या सेसना विमानांत टाक्यांच्या जागी रबरी पिशव्या असतात. त्यांच्या सुरकुत्यांत अडकलेलं पाणी नळापर्यंत येतच नाही. विमान हललं, नाक वर झालं, की ते इंजिनाकडे निघतं.

कधी खोट रिफायनरीतच असते. १९९९च्या अखेरीस मेलबर्नमधल्या मोबिलच्या आल्टोना रिफायनरीतून निघालेल्या एव्हीगॅसमध्ये एथिलीन डायमाइन हे रसायन किंचित राहून गेलं. नेहमीच्या चाचण्यांत ते सापडलं नाही. इंधनयंत्रणेतल्या पितळी भागांवर मात्र काळा चिकट गाळ साचू लागला. ऑस्ट्रेलियात हजारो छोटी विमानं उभी करावी लागली. फवारणीवाल्यांपासून फ्लाइंग स्कूलपर्यंत सगळ्यांचं काम अडलं.

२०१९च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या पुंता गोर्दा इथं तर टँकरमध्येच घोटाळा झाला. जेट इंधनात बर्फरोधक द्रव मिसळायचा, त्याऐवजी डिझेल गाड्यांचं डेफ ओतलं गेलं. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात, तेच हे. दोन्ही द्रव पाण्यासारखे स्वच्छ. जेट इंधनात डेफचे स्फटिक बनतात आणि गाळण्या तुंबतात. तिथं इंधन भरलेल्या एका छोट्या सायटेशन जेटची दोन्ही इंजिनं बंद पडली. ते तरंगत सॅव्हानाला उतरलं. दुसऱ्याचं एक इंजिन गेलं, त्यानं लुईव्हिल गाठलं. इथं रुंद नोझलचा काही उपयोग नव्हता, कारण इंधन बरोबर नळीतून बरोबर टाकीत गेलं होतं. म्हणून आता भर टाकीआधीच्या टप्प्यावर आहे: डेफचे डबे बर्फरोधकापासून दूर ठेवायचे आणि टँकरमध्ये ओतण्याआधी प्रत्येक डब्यावरचं लेबल वाचायचं.