गणवेशाआडचा आयरिश सैनिक

चेन्नईत गिंडीहून पश्चिमेकडे गेले की नंदंबाक्कमला ‘मद्रास वॉर सेमेटरी’ लागते. दुसऱ्या महायुद्धातले साडेआठशेहून अधिक सैनिक तिथे विसावले आहेत. मागच्या बाजूच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या हजारावर सैनिकांची नावे आहेत. पण मद्रासहून त्या युद्धावर निघालेल्या एका पलटणीची खरी स्मशानभूमी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आहे. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध पेटले तेव्हा रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची पहिली बटालियन मद्रासला होती. तिचे मूळही इथलेच. मूळच्या कंपनी सरकारच्या, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या दोन गोऱ्या पलटणी 1881 मध्ये एकत्र करून ही आयरिश रेजिमेंट घडवली गेली. मद्रासची झाली पहिली बटालियन, मुंबईची दुसरी. या माणसांकडे ‘साम्राज्याचे शिपाई’ एवढ्याच नजरेने पाहण्याची आपल्याला सवय आहे. ती नजर अपुरी आहे, कारण शिपायाच्या अंगावरचा गणवेश त्याची निष्ठा सांगत नाही.

डिसेंबर 1914 मध्ये ही बटालियन इंग्लंडला पोहोचली आणि 25 एप्रिल 1915 रोजी गॅलिपोलीच्या ‘व्ही बीच’वर उतरली. काही जण ‘रिव्हर क्लाइड’ या कोळसावाहू जहाजात होते. सैनिकांना बाहेर पडता यावे म्हणून जहाजाच्या कुशीला दारे पाडलेली होती. बाकीचे बहुतेक उघड्या होड्यांत होते. किनाऱ्याच्या उंचवट्यावर तुर्की सैनिक दबा धरून होते. होड्या टप्प्यात येताच गोळीबार सुरू झाला, अनेक जण वल्ह्यांवरच कोसळले, जे पाण्यात उतरले ते काटेरी तारांत अडकले. काही दिवसांतच बटालियन इतकी विरळ झाली की शेजारच्या मन्स्टर फ्युसिलियर्समध्ये मिळवून तिची तात्पुरती जोडपलटण करावी लागली. ‘डब्स्टर्स’ हे तिचे बोलीतले नाव.

ही माणसे का लढली? मद्रासची बटालियन जुन्या पगारी शिपायांची होती आणि त्यांतल्या कित्येकांना डब्लिनच्या दारिद्र्याने पलटणीत ढकलले होते. युद्ध सुरू झाल्यावर भरती झालेल्यांपुढे आणखी एक हिशेब होता. आयर्लंडचा होमरूल कायदा सप्टेंबर 1914 मध्ये मंजूर झाला, पण युद्ध संपेपर्यंत स्थगित ठेवला गेला. आज साथ दिली तर उद्या स्वराज्य पदरात पडेल, या भरवशावर आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन रेडमंड यांनी आयरिश तरुणांना युद्धात उतरण्याचे आवाहन केले. हा विचार मराठी वाचकाला परका नाही. टिळकांनीही लष्करभरतीला सरसकट विरोध केला नाही. स्वराज्याचे हक्क आणि हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदे, ही त्यांची अट होती. त्यांची होमरूल लीग एप्रिल 1916 मध्ये बेळगावला स्थापन झाली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावातल्या बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली आणि त्याच दिवशी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे पुणे डिव्हिजनने, तिच्यातल्या मराठा पलटणींसह, तुर्कांपुढे शरणागती पत्करली. डब्लिनचा उठाव मोडायला गेलेल्या फौजांत डब्लिन फ्युसिलियर्सचे लोकही होते. एकाच शहरातली माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. तेव्हा गणवेशावरून देशभक्त आणि देशद्रोही अशी वाटणी करायची तरी कशी?

यावरचा मोठा आक्षेप इथल्या मातीतलाच आहे. याच मद्रास पलटणीचा सेनानी जेम्स नील याने 1857 मध्ये अलाहाबादेत लोकांना सर्रास फाशी दिली. त्याचा पुतळा मद्रासच्या रस्त्यावरून हटवावा म्हणून 1927 मध्ये सत्याग्रह झाला आणि 1937 मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तो संग्रहालयात हलवला. ते योग्यच झाले. पण पुतळा गौरवासाठी असतो आणि इतिहास समजुतीसाठी. नीलचे क्रौर्य झाकून डब्लिनच्या शिपायाला हुतात्मा ठरवणे जितके चूक, तितकेच नीलचे पाप 1915 च्या होडीतल्या पोरावर लादणे चूक. दुसरा आक्षेप असा की पगारासाठी लढणाऱ्याला निष्ठा कसली? मग 1920 मध्ये जालंधर आणि सोलनच्या कनॉट रेंजर्स या दुसऱ्या आयरिश पलटणीच्या शिपायांनी काय केले ते पाहावे. आयर्लंडमधल्या ब्रिटिश दडपशाहीचा निषेध म्हणून या पगारी शिपायांनी हत्यार धरायला नकार दिला. त्यांतला जेम्स डॅली 2 नोव्हेंबर 1920 रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालून मारला गेला.

1922 मध्ये डब्लिन फ्युसिलियर्स बरखास्त झाली. स्वतंत्र आयर्लंडने तिच्या सैनिकांचे नाव घेणे जवळजवळ टाळले. महायुद्धात पडलेल्या आयरिश सैनिकांचे डब्लिनचे आयलंडब्रिज स्मारक कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले आणि 1980 च्या दशकात त्याची डागडुजी झाली. उठावात मेलेले आणि युद्धात मेलेले असे दोघेही आपलेच, हे मान्य करायला त्या देशाला दोन पिढ्या लागल्या. महाराष्ट्राने तेवढा उशीर करू नये. कुतला पकडलेल्या मराठा शिपायांची कैद आणि सातारा-रत्नागिरीच्या घरांनी सोसलेले वाट पाहणे टिळकांच्या होमरूलइतकेच आपल्या इतिहासाचे आहे, आणि शाळेत दोन्ही एकाच धड्यात शिकवले गेले पाहिजे.