खाण्याचा आजार हा नखरा नव्हे

उपासमार आपल्या समाजाला नवी नाही. आजोबा-पणजोबांनी काढलेल्या उपाशी दिवसांच्या आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात. म्हणूनच समोर भाकरी असताना मुलगी जेवत नाही किंवा चोरून भरमसाट खाते आणि मोरीत जाऊन उलटी करते, हे आपल्याला उमगत नाही. ‘आम्हाला मिळत नव्हतं, हिला नखरे सुचतात,’ असे म्हणून आपण तिचे तोंड बंद करतो.

बांधवांनो, हा नखरा नाही. ॲनोरेक्सिया, बुलिमिया, बिंज ईटिंग हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले मानसिक आजार आहेत. ते मुलग्यांनाही होतात आणि गरिबांच्या घरातही येतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वसतिगृहे रिकामी झाली, मुली घरी परतल्या. बापाचा रोजगार गेला, रेशन मोजून वापरायची वेळ आली, परीक्षांचा पत्ता नव्हता. भीती, एकटेपणा आणि मोडलेला दिनक्रम यांत हे आजार बळावतात. इंग्लंडसारख्या देशात त्या काळात या आजारांवरील उपचारासाठी येणाऱ्या मुलामुलींची संख्या बरीच वाढली.

आपल्याकडे मदत मागायची कुठे? सरकारी रुग्णालये कोविडच्या कामाला जुंपलेली, एसटी आणि लोकल बंद. फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २५ मार्च २०२० रोजी काढली, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. सोय चांगलीच होती. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि मोबाईल एकच, तोही धाकट्याच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. ‘मी जेवून उलट्या करते,’ हे त्या मुलीने डॉक्टरांना कोणासमोर सांगायचे? दार लावून बोलायला ज्याच्याकडे खोली होती, त्यालाच ती सोय खऱ्या अर्थाने मिळाली.

यातून आपण काय शिकणार? पहिली गोष्ट, वजनावरून आजार ओळखू नका. बुलिमियाची रुग्ण अंगाने धडधाकट दिसू शकते. मात्र वारंवारच्या उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकते. जेवण होताच मोरीकडे धाव घेणे, सर्वांबरोबर जेवणे टाळणे, पाळी थांबणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली की दवाखाना गाठा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम भरपेट खाऊ घालू नका, तेही घातक ठरते. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावा.

दुसरी गोष्ट, ही मदत म्हणजे कोणाची मेहरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवाही आहे.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. प्रत्येक वस्तीत विहार आहे, अभ्यासिका आहे, महिला मंडळ आहे. आठवड्यातून एक तास तिथली एक खोली आणि एक फोन अशा मुलामुलींसाठी मोकळा ठेवा. आत कोण काय बोलले, हे बाहेर कोणी विचारू नये. पुढची साथ सांगून येणार नाही. ही खोली त्याआधीच तयार असली पाहिजे.