घामाचं माप

व्यायाम किती झाला, हे आपण हल्ली पावलांवर मोजतो. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना हाच हिशेब लावला, की त्यांच्यावर अन्याय होतो. फिजिओथेरपीच्या खोलीत अशा मुलांबरोबर माझी बरीच वर्षं गेली. आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला, ''झेपेल ना हो त्याला?''

या विकारात वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. ती इजा वाढत जात नाही, पण बहुतेकांचे स्नायू ताठर होतात आणि साधं चालतानाही एक स्नायू दुसऱ्याशी भांडतो. तेवढ्याच अंतराला इतरांच्या दुप्पट, कधी तिप्पटही शक्ती खर्च होऊ शकते. पावलं मोजणाऱ्या यंत्राला हे भांडण दिसत नाही. शाळेचे दोन मजले चढून आलेली मुलगी घामाघूम, आणि यंत्र म्हणतं, 40 पावलं!

मग मोजायचं काय? नाडी ही चांगली साक्षीदार. बसल्या जागी किती होती आणि श्रमानंतर किती झाली, ते पाहावं. मात्र 220 मधून वय वजा करण्याचं मोठ्यांचं सूत्र इथे लावू नये. वाढत्या वयात कमाल नाडी तशी दरवर्षी उतरत नाही. 'बोलता येतंय, पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम' ही सोपी कसोटीही ज्यांची जीभ मुळातच अडखळते त्यांना निरुपयोगी.

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी वेगळी वाट काढली. किती श्रम वाटतात ते ज्याचं त्यानेच 6 ते 20 मधल्या आकड्यात सांगायचं. सुरुवात 6 पासून का? आकड्याला 10 ने गुणलं की अंदाजे नाडी यावी, म्हणून! लहानांना 0 ते 10 ची चित्रांची पट्टी बरी. बोट ठेवलं की झालं.

स्नायूंना जोर दिला तर ताठरपणा वाढेल, ही जुनी भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2020 साली अपंग मुलांसाठीही रोज सरासरी 60 मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम सुचवला. अर्थात ज्याच्या त्याच्या कुवतीने.

एकदा स्थिर सायकलवर एक मुलगा जोरात पेडल मारत होता. चेहरा वाकडा, हात आखडलेला. आजींना राहवेना. ''दमलं हो पोर, उतरवा आता.'' मी पट्टी पुढे धरली. त्याने 4 वर बोट ठेवलं. नाडी पाहिली, तीही त्याच्याच बाजूने बोलली. आणखी पाच मिनिटं सायकल चालली.