मातीचा बैल पडद्यावर कसा चालतो?

पोळ्याला आपण मातीच्या बैलांची पूजा करतो. असाच बैल टीव्हीवर मान डोलवत चालताना दिसला, की लेकरं विचारतात, "याला कोण चालवतं?" आज आपण तेच बघू.

त्याला माणसाचा हात चालवतो. साधी माती वाळून तडकते, म्हणून या कामात बहुतेक वेळा तेल घातलेली, न वाळणारी माती घेतात. बैल मांडायचा, फोटो काढायचा. पाय तिळभर पुढं करायचा, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर दाखवले, की डोळ्यांना बैल चालताना दिसतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. घरगुती कामाला १२ पुरतात. तरी १० सेकंदांना १२० फोटो झाले! मध्येच कॅमेऱ्याला धक्का लागला, तर चित्र उडी मारतं.

आपल्याकडे असाच धीराचा प्रयोग १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी मुंबईत केला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दिवसामागून दिवस त्याचं थोडंथोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दिसली. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचं नाव. तो दाखवल्यावर त्यांना सिनेमासाठी कर्ज मिळालं. पुढं १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात काड्याच हलतात, आपल्या मातीच्या बैलासारख्या.

पण या कामात दादासाहेब एकटे नव्हते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी सिनेमासाठी आपले दागिने दिले. तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत. उजेड लागला तर फिल्म वाया जाई. ते काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत. शिवाय चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. पडद्यावर यायला बाई मिळाली नाही, पण पडद्यामागं बाई राबत होती.

दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. पहिला मिळाला देविकाराणी या अभिनेत्रीला. सरस्वतीबाईंचं नाव मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतं. आम्हाला वाटतं, ते यायला हवं.

तर मैत्रिणींनो, येत्या पोळ्याला लेकरांना हा खेळ करू द्या. फोन डब्याला टेकवून पक्का बसवा, उजेड एकसारखा ठेवा, बैल तिळातिळानं सरकवा. चित्रफीत झाली, की शेवटी सगळ्यांची नावं लिहायला सांगा. बैल सरकवणाऱ्याचं लिहा, माती मळणारीचं लिहा, आणि तोवर चुलीपाशी होती तिचंही लिहा.