ग्रंथोक्त औषध आणि सरकारी परवाना

दशमूलारिष्टाची बाटली विकत घेणारा मनुष्य तिच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरांतला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची तसदी सहसा घेत नाही. ती तसदी जो घेईल त्याला घटकद्रव्यांची लांबलचक यादी, उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक आणि स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण यांच्या जोडीला ‘भैषज्यरत्नावली’ किंवा ‘शार्ङ्गधरसंहिता’ असे एखाद्या ग्रंथाचे नावही पुष्कळदा आढळेल. तापाच्या ॲलोपॅथिक गोळीच्या वेष्टनावर अशा जुन्या ग्रंथाचा हवाला छापलेला नसतो. तिची योग्यता प्रयोगशाळेत आणि रुग्णालयांतील चाचण्यांत ठरलेली असते, असे आपण धरून चालतो. आयुर्वेदीय औषधावर मात्र ग्रंथाचे नाव येते ते केवळ परंपरेच्या आदरापोटी येत नाही. हिंदुस्थानच्या कायद्याने आयुर्वेदीय औषधाची व्याख्याच मुळी ग्रंथावरून केलेली आहे, आणि सरकारने या विद्येला जो आश्रय दिला व तिच्यावर जो अंकुश ठेवला, त्या दोहोंचे मर्म या एका व्याख्येत सापडते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा मूळ कायदा १९४० सालचा. त्यात देशी औषधांचा स्वतंत्र विचार नव्हता. १९६४ साली त्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी एक नवे प्रकरण घालण्यात आले, पुढे सिद्ध औषधांचा उल्लेखही त्यात स्वतंत्रपणे आला, आणि असे ठरले की कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नोंदलेल्या प्रमाणग्रंथांत जो पाठ दिलेला असेल केवळ त्याच पाठाबरहुकूम जे तयार होईल, ते त्या त्या पद्धतीचे औषध. ही अनुसूची मोठी वाचनीय आहे. आयुर्वेदाचेच पन्नासांहून अधिक ग्रंथ तीत आहेत. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहिता तर आहेतच. पण ज्यांची नावे वैद्यांच्या बाहेर फारशी कोणाच्या कानांवर नसतील असे ‘रसतरंगिणी’, ‘योगतरंगिणी’, ‘गदनिग्रह’, ‘बसवराजीयम्’ हे ग्रंथही त्याच पंक्तीस बसलेले दिसतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला ‘योगरत्नाकर’ त्यात आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ही त्यात आहे, आणि तो तर संस्कृत संहिताकारांच्या मानाने अगदी अलीकडचा, आपल्या पणजोबांच्या काळातला. ज्या पदेशास्त्र्यांनी १९०७ साली नाशिक येथे वैद्यांच्या अखिल भारतीय महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली, त्यांच्या ग्रंथाला पुढे संसदेच्या कायद्याने चरकाच्या शेजारी आसन द्यावे, हा योग मला मोठा विलक्षण वाटतो.

ग्रंथालाच साक्षीदार का केले, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला तो पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांपुरता होता. वैद्य आणि हकीम त्या नोंदवहीच्या बाहेर राहिले, इतकेच नव्हे तर नोंदणीकृत डॉक्टराने त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे हाही गैरवर्तनाचा मामला ठरू लागला. या अवहेलनेचा संताप स्वदेशीच्या चळवळीत सहज मिसळला, आणि १९२० च्या नागपूर काँग्रेसने आयुर्वेद व युनानी यांच्या बाजूने ठरावही केला. प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आल्यावर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, मुंबई प्रांताने वैद्यकव्यावसायिकांचा जो कायदा केला, त्याने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांना प्रथमच सरकारी नोंद मिळाली. रीतसर शिकलेल्यांसाठी नोंदवही आणि केवळ अनुभवावर आधीपासून व्यवसाय करीत असलेल्यांसाठी वेगळी यादी, अशी ती विभागणी होती. आजोबांकडून विद्या मिळवलेल्या एखाद्या वैद्याने दफ्तरासमोर कोणती कैफियत मांडावी? त्याच्या हातचा गुण, त्याची नाडीपरीक्षा, गावाने त्याच्यावर टाकलेला विश्वास, यांपैकी काहीही कागदावर उतरण्याजोगे नव्हते. राज्ययंत्राला पुरावा लागतो, आणि जुन्या विद्येपाशी पुराव्यादाखल दाखवता येण्यासारखी वस्तू एकच होती. ती म्हणजे पोथी.

त्यानंतरचा पाव शतकाचा काळ शुद्ध आणि मिश्र यांच्या वादात गेला. १९४६ साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४८ साली दिलेल्या अहवालात दोन्ही वैद्यकांचा समन्वय सुचवला; उलट पंडित शिव शर्मा आणि त्यांच्या मताचे वैद्य यांचे म्हणणे असे की शरीरशास्त्राच्या व शस्त्रक्रियेच्या पाश्चात्त्य पुस्तकांनी भरलेल्या अभ्यासक्रमातून धड वैद्यही निपजत नाही आणि धड डॉक्टरही. १९६३ साली मोहनलाल व्यास यांच्या समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या बाजूने कौल दिला. १९७० साली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा झाला आणि त्या परिषदेच्या पहिल्या अध्यक्षपदी शिव शर्मा आले. तरीही पुढे बी.ए.एम.एस. या पदवीचा जो अभ्यासक्रम रुळला तो पाहता व्यवहारात मिश्रपक्षच जिंकला असे म्हणावे लागते. शुद्धपक्षाचा खरा विजय औषधाच्या कायद्यात झाला, कारण तेथे ग्रंथ अढळ राहिला.

या कायद्याची काही कलमे वैद्याविषयी मोठ्या समजुतीने लिहिलेली आहेत. आपल्याच रोग्याला देण्यासाठी वैद्य किंवा हकीम जे औषध स्वतः तयार करतो, त्यास उत्पादनाचा परवाना लागत नाही. वैद्याच्या खलबत्त्याला सरकारने हात लावलेला नाही. आयुर्वेदीय औषधाच्या किरकोळ विक्रीसही परवाना नको, म्हणून ते काष्ठौषधींच्या दुकानात मिळते तसे किराणा दुकानातही मिळते. विषद्रव्यांची मात्र वेगळी यादी नियमांना जोडलेली आहे. आपल्या घरगुती औषधांत सर्रास वावरणारा बिब्बा तीत आहे. बचनाग, कुचला, धोत्रा, गुंज, अफू, पारा, हिंगूळ, हरताळ हेही आहेत. अशी द्रव्ये ज्यात पोटात घेण्यासाठी घातलेली असतात, त्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते.

आसवारिष्टांचा प्रश्न सर्वांत रंजक. धायटीची फुले आणि गूळ यांच्या योगाने काढा आंबवला की त्यात मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, आणि जेथे १९४९ पासून मुंबईचा दारूबंदी कायदा अंमलात होता त्या मुलखात अरिष्टाची बाटली हे औषध की पेय, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. नियमांनी आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के ठेवली, आणि जी तिच्याहून कडक, त्यांच्या बाटलीचे माप ठरवून टाकले: मृतसंजीवनी सुरेची बाटली ३० मिलिलिटरची, महाद्राक्षासवाची १२०. संहिताकारांनी रोग्याची मात्रा ठरवली होती; राज्याने गिऱ्हाइकाची ठरवली.

एवढे सगळे वाचल्यावर जी गोष्ट लक्षात येते ती ही, की ग्रंथोक्त औषधाला सरकार दोन प्रश्न विचारते: हे ग्रंथात आहे काय, आणि हे स्वच्छ व निर्भेळ बनवलेले आहे काय? याने रोग बरा होतो काय, हा तिसरा प्रश्न ते विचारीत नाही. २०१० साली नियमांत जो १५८ ब हा नियम आला त्याने ही गोष्ट स्पष्टच लिहून ठेवली: ग्रंथोक्त औषध ग्रंथात सांगितलेल्या रोगासाठीच असेल तर सुरक्षिततेच्या वेगळ्या अभ्यासाची गरज नाही आणि गुणाचा पुरावा म्हणून ग्रंथ पुरेसा. दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत मात्र सरकार हळूहळू कडक होत गेले. २००० साली कारखान्यांसाठी उत्तम उत्पादनपद्धतीची अनुसूची आली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही आयुर्वेदीय औषधांत शिसे, पारा व सोमल आढळल्याचे बॉस्टन येथील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केल्यावर, १ जानेवारी २००६ पासून परदेशी जाणाऱ्या वनौषधिजन्य मालाची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली; शिसे दशलक्ष भागांत १०, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भागांहून अधिक असू नये असे ठरले. परदेशच्या गिऱ्हाइकाची काळजी प्रथम घेण्यात आली, घरच्याची नंतर.

ग्रंथप्रामाण्याला केवळ जुनाट म्हणून हिणवणेही बरोबर होणार नाही, कारण एका प्रसंगी याच पोथ्यांनी मोठे काम केले. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेतील एका विद्यापीठाला १९९५ साली एकस्व मिळाले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवले. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. ही गोष्ट नवी नाही एवढेच तेथे सिद्ध करावयाचे होते, आणि ते सिद्ध करण्यास पोथीइतका चांगला साक्षीदार दुसरा नव्हता.

अडचण अशी झाली की १९६४ चा कायदा ज्या वैद्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला, तो वैद्य मागे पडला आणि त्याच्या जागी कारखानदार आला. कायद्याने ग्रंथोक्त औषधाबरोबर ‘स्वामित्वाचे’ औषध असा दुसरा वर्गही मान्य केलेला आहे. त्यातली द्रव्ये ग्रंथांतली असली म्हणजे झाले, त्यांचा मेळ मात्र कारखानदाराने आपल्या मनाने बसवावा. अशा औषधाकडून काही पुरावा आता मागितला जातो, परंतु तो नव्या ॲलोपॅथिक औषधाकडून मागितल्या जाणाऱ्या पुराव्याच्या मानाने फारच थोडा असतो. चरकाची पुण्याई अशा रीतीने ज्याच्या खात्यावर जमा झाली, त्याने चरक वाचलेला असण्याची गरज उरली नाही.

वैद्याचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र सरकारने १९९२ च्या अधिसूचनेने राज्याच्या नोंदवहीतील ठरावीक वर्गांच्या आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली, आणि १९९८ साली मुखत्यारचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी मुभा राज्याच्या कायद्याने असेल तेथपर्यंतच चालेल असे सांगितले. दुर्गम तालुक्यांतील पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रे याच पदवीधरांच्या बळावर उघडी राहतात, आणि तेथे साडेपाच वर्षे त्रिदोष शिकलेला तरुण दिवसभर प्रतिजैविके लिहीत बसतो. डॉक्टरांची उणीव भरून काढण्याचा हा मार्ग रोग्याच्या दृष्टीने वाईटच असे मी म्हणणार नाही. पण याला आयुर्वेदाचा प्रसार म्हणू नये. शिवाय काम सारखे दिसले तरी मान सारखा नाही: गुजरातच्या एका प्रकरणात, २०२३ साली, सर्वोच्च न्यायालयाने आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांना एम.बी.बी.एस. अधिकाऱ्यांइतके वेतन मागता येणार नाही असा निकाल दिला. त्याआधी २०२० साली पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी देणारी अधिसूचना निघताच डॉक्टरांच्या संघटनेने काम बंद ठेवून निषेध केला होता.

दिल्लीत या विद्यांसाठी १९९५ साली वेगळे खाते झाले, २००३ साली त्याचे नाव ‘आयुष’ झाले आणि २०१४ साली त्याचे मंत्रालय बनले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्याच्या वाट्याला सुमारे ४ हजार कोटी रुपये आले, तर आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला सुमारे १ लाख कोटी. रक्कम लहान म्हणून वैद्यांची तक्रार असते. माझी तक्रार निराळी आहे. जे मंत्रालय या औषधांची महती गाते, त्याच मंत्रालयाने त्यांच्यासाठी नियम घडवावे आणि तक्रारींचा जाबही त्यानेच द्यावा, ही रचना अवघड जागी नेऊन सोडते. २०१८ साली फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १७० वा नियम झाला: राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी व क्रमांक असल्याखेरीज जाहिरात नको. कारखानदार मुंबईसह निरनिराळ्या उच्च न्यायालयांत गेले. २०२३ साली मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळवले, २०२४ च्या जुलैत नियमच काढून टाकला, ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने त्या काढून टाकण्याला स्थगिती दिली, आणि पुढल्या ऑगस्टात ते प्रकरण निकाली निघाल्यावर स्थगितीही उठली. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा अद्याप शिल्लक आहे. परंतु त्याचा बडगा जाहिरात छापून झाल्यावर पडतो.

महामारीच्या काळात गुळवेलीचे जे झाले त्यात या साऱ्या गुंत्याचे दर्शन एकत्र घडते. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घ्यावा, असा प्रचार त्या वेळी सरकारी पातळीवरूनही झाला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पाहिलेल्या सहा रुग्णांची हकिकत २०२१ साली प्रसिद्ध करून, गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचे म्हटले. मंत्रालयाने लगोलग खुलासा काढला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, दिसण्यात तिच्यासारखीच असलेली दुसरी एखादी वेल रुग्णांनी घेतली असावी. पुढील वर्षी देशातील अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांचा तशाच स्वरूपाचा वृत्तांत आला. वनस्पतीच्या ओळखीची मंत्रालयाची शंका अप्रस्तुत होती असे नाही. पण ज्या वेलीच्या विक्रीला परवाना लागत नाही, जी अंगणातून, बाजारातून आणि डब्यातून सारख्याच सहजतेने मिळते, तिची ओळख पटवून घेण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्या खुलाशात नव्हते. गुळवेल अनुसूचीतील ग्रंथांत आहे, त्यामुळे तिच्या ग्रंथोक्त औषधाला सुरक्षिततेचा वेगळा पुरावा नियमाने कधी मागितलेला नव्हता, आणि आजही मागितला जात नाही.