पाठीतलं पाणी

धंतोलीतल्या दवाखान्यात वहिनीच्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हा वाटलं, सुटलो बाई! नवव्या दिवशी ताप, मान ताठ, माणसं ओळखेना. ऑपरेशननंतर थोडा ताप येतोच, त्यामुळे डॉक्टरांनाही लगेच सांगता येईना. ‘पाठीतलं पाणी काढू,’ म्हटल्यावर आई अडून बसली, ‘पाय लुळे पडतात म्हणे!’ मैत्रिणींनो, ही भीती अनाठायी. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई टोचतात. पाण्यात साखर कमी, पेशी भरमसाट. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. औषध त्याच रात्री सुरू झालं. जंतू निघाला अ‍ॅसिनेटोबॅक्टर, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. शिरेतून दिलेलं कोलिस्टिन मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून पाठीतूनही दिलं. तीन आठवड्यांनी वहिनी म्हणाली, ‘ताई, जेवलात का?’