अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र : वहीतले आणि प्रयोगशाळेतले

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला १०+२+३ हा शिक्षणाचा आकृतिबंध १९७०-८० या दशकात आपल्या राज्यात अमलात आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय या नावाने स्थिरावले. विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र येथेच प्रथम स्वतंत्र विषय म्हणून भेटते.

या वळणावर दोन गोष्टी एकदम बदलतात. पहिली भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आम्लारी, संयुजा, क्षपण हे शब्द परिचित असतात. अकरावीत बहुतेक ठिकाणी अध्यापन इंग्रजीतून होते. बेस, व्हॅलन्सी, रिडक्शन म्हणजे तेच, हे कोणी सांगितले नाही तर हुशार मूलही काही महिने चाचपडत राहते. शिक्षकाने आरंभीच्या तासांना दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, तरी ही अडचण बरीच ओसरते.

दुसरा बदल अधिक खोल आहे, तो मोजणीचा. केळी आपण डझनाने मोजतो, तसे अणू-रेणू ‘मोल’ने मोजावयाचे असतात. एका मोलमध्ये सुमारे ६.०२२ × १०²³ कण असतात. पाण्याचे इतके रेणू एकत्र केले तर त्यांचे वस्तुमान भरते अवघे १८ ग्रॅम, म्हणजे साडेतीन-चार लहान चमचे पाणी. ही कल्पना ज्याला उमगली नाही त्याच्यासाठी पुढील सर्व गणिते केवळ पाठांतर होऊन बसतात. ती उमगते ती मुख्यतः अनुमापनात.

बारावीचा परिचित प्रयोग घ्या. ऑक्झॅलिक आम्लाचे ३.१५ ग्रॅम स्फटिक अचूक तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले की त्याची संहती ०.१ मोलर होते. त्यातील ठरावीक भाग शंकुपात्रात घेऊन, विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळून तो ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात व ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडतात. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग रेंगाळत जातो, पुढचे थेंब मात्र पाहता पाहता विरतात. कारण क्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबावयाचे. परमँगनेटचे दोन मोल व आम्लाचे पाच, हे प्रमाण विद्यार्थ्याला मग समीकरणात शोधावे लागत नाही. ते त्याने ब्युरेटवर वाचलेले असते.

विषयाच्या शंभर गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकासाठी आहेत, लेखी परीक्षा ७० गुणांची. अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत मात्र ब्युरेटला स्थान नाही. त्यामुळे प्रयोगाची वही आयत्या वेळी उतरवून काढण्याची चाल पडली आहे. ती सोयीची असली तरी विषयाचा गाभा हिरावणारी आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या सभासदांना हा सारा खटाटोप दूरचा वाटू नये. पाणी शुद्धीकरणासाठी आपण वापरतो ती टीसीएल पावडर अशाच रीतीने तपासली जाते. पावडरीत पोटॅशियम आयोडाइड व ॲसेटिक आम्ल मिसळल्यास आयोडीन मोकळे होते. सोडियम थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करून, स्टार्चचा निळा रंग नाहीसा होताच पावडरीतील उपयुक्त क्लोरीन हिशेबाने काढता येतो. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो. हवा व दमट जागा यांमुळे तो घटत जातो.

समजा, टाकी ५०,००० लिटरची आहे आणि दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा आहे. म्हणजे १०० ग्रॅम क्लोरीन हवा. ताजी पावडर सुमारे ३०० ग्रॅम पुरेल. पण तोंड उघड्या पोत्यात पडून ती २० टक्क्यांवर आली असेल तर ५०० ग्रॅम लागेल. जुन्याच मापाने टाकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून पाण्यात पडतो तो केवळ ६० ग्रॅम क्लोरीन. अधिकृत तपासणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतच व्हावयाची. तथापि गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली पोत्यातील चिमूटभर पावडर तपासून पाहिली, तर नवे पोते केव्हा मागवावे हे पंचायतीला वेळीच कळेल.